नोकरी, लोकल आणि घर सांभाळून व्यायाम-आहार कसा सुरू करावा: ठाण्यातल्या नवशिक्यांसाठी

चार वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या आरोग्य तपासणीत माझं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी चाचणी) ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तेव्हा मी ४३ वर्षांची होते. बाबांना मधुमेह होता. शेवटी शेवटी त्यांच्या पायाची जखम भरता भरत नव्हती आणि तिचं ड्रेसिंग मीच करायचे. त्यामुळे तो कागद हातात आला तेव्हा पोटात गोळाच आला. त्याच आठवड्यात मी घराजवळच्या एका जिमची वर्षाची फी भरली, भात बंद केला, रात्रीचं जेवण नुसत्या सूपवर आणलं आणि पहाटे जुन्या कॅनव्हासच्या बुटांत सिमेंटच्या रस्त्यावर धावायला लागले. सतराव्या दिवशी उजवा गुडघा सुजला. पुढचा दीड महिना मला जिना चढता येत नव्हता. जिमचे पैसे बुडाले ते बुडालेच.

गुडघा बरा होत असताना फिजिओथेरपिस्टकडून आणि नंतर एका आहारतज्ज्ञ बाईंकडून सगळं नव्यानं शिकले. मी नौपाड्यात राहते, नोकरी फोर्टला. सकाळी आठच्या आत घर सोडते, परत यायला साडेसात-पावणेआठ होतात. घरी सासूबाई, नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. तुमचाही दिवस असाच आधीपासून भरलेला असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मी ज्या क्रमानं करायला हवं होतं, त्या क्रमानं लिहिलंय.

सुरू करण्याआधी काय लागेल

- शिवणकामाची टेप. वजनकाटा नसला तरी चालेल, टेप मात्र हवीच.
- एक साधी वही आणि पेन
- मागच्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी, एकाच फाइलमध्ये
- सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जाणार असाल तर आधार कार्ड
- मापात बसणारे, तळवा जाड असलेले बूट. संध्याकाळी विकत घ्या. दिवसभरात पाय थोडे फुगतात, सकाळी घेतलेले बूट मग चावतात.
- न घसरणारी सतरंजी, न हलणारी भक्कम खुर्ची (चाकांची नको) आणि एक जुनं दप्तर
- रोजच्या वापरातली वाटी आणि चहाचा चमचा, मोजायला

ट्रेडमिल, पट्टे, घड्याळ, प्रोटीनचे डबे यांतलं काहीही पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नका.

१. आधी स्वतःचे आकडे माहीत करून घ्या

वय तिशीच्या पुढे असेल तर रक्तदाब आणि साखर यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती धरलेली आहे. तोंडाच्या, आणि स्त्रियांसाठी स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणीही त्यातच येते. घराजवळच्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन वार आणि वेळ विचारून या. खासगी लॅबमध्ये जाणार असाल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या. ८० चाचण्यांची पॅकेजं स्वस्त वाटतात, पण त्यांतल्या निम्म्या आकड्यांचं पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही, उगाच झोप मात्र उडते. मला सांगितलेल्या चाचण्या अशा: उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि बी१२ जीवनसत्त्व.

आकडे वाचायचे कसे? एचबीए१सी ५.७ च्या खाली असेल तर ठीक. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची अवस्था. ६.५ पासून पुढे मधुमेह. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ असेल तर उंबरठा, १२६ पासून पुढे मधुमेह, पण एकाच रिपोर्टवर निदान पक्कं करत नाहीत, पुन्हा तपासतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशभरातल्या इंडियाब पाहणीनं २०२३ साली मांडलेला अंदाज असा की भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे तुमचा आकडा तिथे असेल तर तुम्ही एकटे नाही, आणि परत फिरायला अजून वेळ आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. माझं हिमोग्लोबिन तेव्हा १०.२ होतं. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. म्हणून बायकांनी हे दोन आकडे नेहमी शेजारी ठेवूनच वाचावेत. डॉक्टरांनी मला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि साखर उपाशीपोटी व जेवणानंतरही तपासली.

आता कंबर. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सोडा आणि मोजा. पोट आत ओढू नका. आपल्याकडे स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. माझी ९१ होती. वजन किलोत घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) येतो. माझं वजन ६८ आणि उंची १.५६, म्हणजे जवळजवळ २८. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात. जुन्या तक्त्यांत २५ आणि ३० असतं, त्यावर समाधान मानू नका.

*आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये असे लोक:* चालताना छातीत दडपण किंवा चक्कर येणारे, हृदयविकार असलेले, रक्तदाब ताब्यात नसलेले, इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणारे, गरोदर स्त्रिया आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले. साखरेचं औषध चालू असेल तर चालायला जाताना खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला तर लगेच तोंडात टाका. व्यायाम करताना छातीत दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात गेली तर "गॅस असेल" म्हणत बसू नका, १०८ ला फोन करा.

२. एक आठवडा काहीही न बदलता फक्त लिहा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. सात दिवस वहीत दोन गोष्टी लिहायच्या: काय खाल्लं-प्यायलं, आणि कुठला वेळ कशात गेला. चांगलं दिसावं म्हणून त्या आठवड्यात मुद्दाम नीट वागायचं नाही.

माझ्या वहीत निघालं ते असं. दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमच्याला चार-पाच ग्रॅम धरले तरी ४० ग्रॅमच्या वर. राष्ट्रीय पोषण संस्था वरून घातलेल्या साखरेची मर्यादा २५ ग्रॅम सांगते. म्हणजे गोडाचा एक पदार्थ न खाताही मी ती रोज ओलांडत होते. संध्याकाळी भुकेनं जीव व्याकूळ व्हायचा आणि स्टेशनबाहेर वडापाव किंवा समोसा ठरलेला. डब्यात उसळ आठवड्यातून एकदाच. आणि बसून किती वेळ? ऑफिस, गाडी, टीव्ही धरून अकरा तास.

तुमच्या वहीत दुसरंच काही निघेल. त्या पानांवरून तुमची पहिली एकच दुरुस्ती ठरवा. मी चहापासून सुरुवात केली: पाचाचे तीन, दोन चमच्यांचा एक. पहिले दहा दिवस चहा पांचट लागला, मग जीभ सरावली. साखरेऐवजी गूळ घातला की झालं, असं समजू नका. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं गूळ, मध आणि खजुराचे "शुगर फ्री" लाडू हे सगळे साखरेचेच भाऊबंद.

३. चालायला लागा, पण मोजून

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. १५० हा आकडा ऐकूनच पुष्कळ जण खचतात. पहिल्या आठवड्यात फक्त दहा मिनिटं, पाच दिवस. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. पाचव्या आठवड्यात तीस मिनिटं गुणिले पाच, म्हणजे १५० होतात. गुडघ्याला आणि टाचेला सवय व्हायला हा वेळ लागतोच. दम टिकायला लागला म्हणून सांधेही तयार झाले असं होत नाही, माझा गुडघा त्याच गैरसमजात गेला.

वेग किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. शेजारच्या काकूंबरोबर गप्पा मारत निघालात आणि सगळी वाक्यं सहज पूर्ण होत असतील तर थोडं झपझप चाला.

कुठे चालायचं? ठाणं तलावांचं शहर आहे, त्याचा फायदा घ्या.

- तलावपाळी: स्टेशनपासून अगदी जवळ. पहाटे साडेपाच ते सात फार छान. संध्याकाळी खाण्याच्या गाड्या आणि गर्दी यांतून वेग धरता येत नाही.
- कचराळी तलाव: पालिका मुख्यालयासमोर, पाचपाखाडीत. पहिल्यांदाच चालणाऱ्यांना मी इथेच पाठवते. फेरी लहान आहे, कधीही थांबता येतं आणि बरोबरीचे नवशिके दिसतात.
- उपवन: येऊरच्या पायथ्याशी, हवा छान. मात्र पुढे येऊरच्या चढावर अंधारात किंवा एकट्यानं जाऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे. शिवाय चढ-उतार गुडघ्यांना पहिल्या महिन्यात नकोच.
- घोडबंदर रोडकडे राहणारे: मुख्य रस्त्याच्या कडेनं धुरळ्यात चालण्यापेक्षा सोसायटीच्या आवारात फेऱ्या घाला.
- नवी मुंबईकर: नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं सागर विहार, खारघरचं सेंट्रल पार्क. तुमच्याकडे जागेची चैन आहे, खरंच.

सकाळ जमत नसेल तर प्रवासातून वेळ काढा. मी सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सी सोडली, ती झाली बारा मिनिटं. संध्याकाळी ठाण्याला उतरून रिक्षाच्या रांगेत उभी राहायचे, ती रांग सोडली, ती झाली पंधरा. एवढ्यात रोजचा कोटा जवळजवळ पुरा होतो. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चालण्याचा तर वेगळाच उपयोग आहे: जेवणानंतर चढणारी साखर त्यानं कमी चढते. आमच्याकडे आता चौघंही खाली उतरतो.

पावसाळ्यात काय? जून ते सप्टेंबर हे चार महिनेच बहुतेकांचा नेम मोडतात. सोसायटीचं पार्किंग किंवा गच्चीखालचा पॅसेज आधीच बघून ठेवा. ओल्या, शेवाळलेल्या फरशीवर झपझप चालू नका. जिने चढणं चांगलं, पण गुडघे दुखत असतील तर चढताना पायांनी जा आणि उतरताना लिफ्ट घ्या. गुडघ्यावर जास्त ताण उतरताना येतो.

४. ताकदीचा व्यायाम: हा सोडू नका

आपल्याकडे "मी रोज चालतो" म्हटलं की विषय संपतो. मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचंय ते इथेच आहे. जेवणातून आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, बायकांमध्ये पाळी थांबल्यावर हाडंही वेगानं विरळ होतात. नुसत्या चालण्यानं ही झीज थांबत नाही. स्नायूला त्याच्या सवयीपेक्षा थोडं जास्त ओझं द्यावं लागतं. यासाठी जिम लागतेच असं नाही. मी वर्षभर घरच्या सतरंजीवरच केलं. मंगळवार आणि शनिवार, वीस-पंचवीस मिनिटं:

- खुर्चीवरून उठणं-बसणं. हात छातीशी घेऊन, खुर्चीला जेमतेम टेकून परत उठायचं. बसताना मनात तीन मोजायचे, धपकन बसायचं नाही. गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका.
- भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून. सोपं झालं की ओट्याला हात लावून, मग पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर गुडघे टेकून. मला जमिनीपर्यंत यायला सात महिने लागले.
- दप्तर ओढणं. दप्तरात तीन किलो तांदळाची पिशवी. एक हात खुर्चीवर टेकवून, पाठ सपाट ठेवून दुसऱ्या हातानं दप्तर कमरेपर्यंत ओढायचं. दिवसभर पुढे वाकून संगणकावर काम करणाऱ्यांच्या पाठीला याची फार गरज असते.
- कंबर उचलणं. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, तळवे जमिनीवर. कंबर उचला, दोन मोजा, सावकाश खाली.
- टाचा उचलणं. भिंतीचा आधार घेऊन चवड्यांवर उभं राहायचं. लोकलमध्ये उभे असताना मात्र नको.

प्रत्येकी आठ वेळा, दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर थांबून. शेवटचे दोन जड जायला हवेत. आठाचे बारा सहज व्हायला लागले की ओझं वाढवा. श्वास कोंडून धरू नका, रक्तदाब एकदम चढतो. उठताना सोडा, बसताना घ्या. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर काळजी नाही, दोन-तीन दिवसांत उतरतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा सूज आली तर तो प्रकार थांबवा आणि दाखवा.

सूर्यनमस्कार घालावेत का, असं सगळे विचारतात. जरूर घाला, बारा स्थितींमध्ये अंग सगळीकडून मोकळं होतं. पण एकदम बारा नकोत, दोनापासून सुरू करा, आणि रक्तदाब, कंबर किंवा मनगटाचा त्रास असेल तर शिकवणाऱ्याला आधी सांगा. त्यात ढकलणं आहे, ओढणं नाही. म्हणून दप्तराचा व्यायाम सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनीही ठेवावा.

जिमला जायचंच असेल तर: एका महिन्याचीच फी भरा, सवलत कितीही मोठी असो. तुम्ही ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला आधी एकदा बघून या. शिकवणारे लोकांकडे बघतायत की फोनकडे, हे पाच मिनिटांत कळतं. पहिल्याच दिवशी जुनी दुखणी आणि औषधं न विचारता ज्यानं वजन हातात दिलं, त्याच्याकडून शिकू नका. मला तिसऱ्या दिवशी प्रोटीन पावडरचा डबा दाखवला होता, आहारात काय आहे हे न विचारताच.

५. ताट: भाताशी भांडण नको, वाटणी बदला

आहारतज्ज्ञ बाईंनी मला कुठलाही तक्ता दिला नाही. त्यांनी आमचंच स्टीलचं ताट डोळ्यांसमोर आणायला लावलं. अर्धं ताट भाजी, कोशिंबीर, पालेभाजी. पाव ताट पोळी, भाकरी किंवा भात. उरलेलं पाव ताट डाळ, उसळ, अंडं, मासे, पनीर. आमच्या ताटात तेव्हा निम्म्याहून जास्त पोळी-भात असायचा आणि भाजी लोणच्याच्या जागी, चवीपुरती.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं काढली. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांचं माप असं: धान्यं २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, डाळी-अंडी-मांस मिळून ८५, दाणे-तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर. धान्यं आणि डाळी कच्च्या मोजायच्या आहेत, शिजवलेल्या नव्हे. मी रोज वजन करत नाही. दोन आठवडे करून बघितलं, डोळ्याला अंदाज आला, काटा ठेवून दिला.

तेलाचं माप सोपं आहे. २७ ग्रॅम गुणिले तीस म्हणजे माणशी महिन्याला साधारण ८०० ग्रॅम, त्यातच तूप आणि लोणीही धरायचं. महिन्याला घरात किती तेल येतं ते किराण्याच्या यादीत बघा आणि माणसांनी भागा. आमच्या चौघांत पाच लिटर संपत होतं! आता साडेतीनला आलंय, फोडणीला पळी ऐवजी चमचा वापरून.

प्रथिनं. किलोमागे ०.८३ ग्रॅम रोज, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. हे घरच्या जेवणात बसतं, फक्त प्रत्येक वेळच्या खाण्यात थोडं थोडं हवं. माझा एक दिवस, अंदाजे: सकाळी दोन अंडी आणि पोळी, १५ ग्रॅम. डब्यात दोन पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ, दही, १७ ते १८. गाडीत बसण्याआधी मूठभर फुटाणे, ६. रात्री एक भाकरी, घट्ट वरण आणि बांगड्याचा तुकडा किंवा पनीर, १८ ते १९. झाले पंचावन्नच्या पुढे. अंडी चालत नसतील तर मुगाची धिरडी किंवा बेसनाचा पोळा. वरण पातळ पाण्यासारखं असेल तर वाटी भरलेली दिसते, पण पोटात डाळ फार जात नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

फुटाण्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझ्या सगळ्या बदलांत सर्वांत मोठा फरक त्यांनी केला. संध्याकाळी पोटात कावळे ओरडत असताना स्टेशनवर उतरलं की वडापावचा वासच पाय ओढून नेतो. तिथे मनोनिग्रह वगैरे चालत नाही. ऑफिस सुटताना फुटाणे आणि एक पेरू किंवा केळं खाल्लं की ती भूकच राहत नाही. पर्समध्ये छोटी डबी कायम ठेवा आणि रविवारी भरून ठेवा. वडापाव मी आजही खाते, शनिवारी, लेकीबरोबर, चवीनं.

लोह. उसळ, पालेभाजी, नाचणी, अळीव यांत लोह असतं, पण जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर ते नीट शोषलं जात नाही. चहा तासाभरानं घ्या आणि उसळीवर लिंबू पिळा, लिंबातल्या क जीवनसत्त्वानं शोषण वाढतं. लोहाची गोळीही चहा-दुधाबरोबर घेऊ नका.

मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा. पापड, लोणचं, सुकट, फरसाण, सॉस यांतच ते निम्मं संपतं.

उपवास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात बटाटा घालून आपण दुप्पट करतो. मी आता वरीचे तांदूळ थोडे, दाण्याची आमटी जास्त, आणि बरोबर दही-काकडी घेते. राजगिऱ्याची भाकरी उत्तम. साखरेची औषधं घेणाऱ्यांनी कडक उपवासाआधी डोस विचारून घ्यावा. सणाला मोदक आणि पुरणपोळी खा. दुसऱ्या दिवशी डबे भरून उरतं, ते शेजारी-पाजारी वाटून टाका.

दुकानातले सापळे. पाकिटाच्या पुढच्या बाजूला "मल्टिग्रेन", "नाचणी", "डाएट" काहीही लिहिलेलं असो, मागे घटकांची यादी वाचा. जो पदार्थ सर्वांत जास्त तो यादीत पहिला, असा नियम आहे. "नाचणी बिस्किटां"च्या एका पुड्यावर मैदा पहिला, साखर दुसरी आणि नाचणी पाचवी निघाली. तीस दिवसांत मधुमेह घालवणारे काढे आणि चूर्णं यांच्यापासून लांब राहा, आणि त्यांच्या नादानं चालू औषध कधीही स्वतःहून बंद करू नका.

६. झोप

सात तास. कमी झोपलं की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोडाची ओढ लागते, हे वहीत स्वच्छ दिसतं. पहाटे पाचला उठून चालायचं ठरवलंत आणि रात्री बाराला झोपताय, तर आधी रात्रीची वेळ दुरुस्त करा. तोवर संध्याकाळचं चालणं पुरे. घोरणं मोठं असेल आणि सात तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

७. नेम मोडला तर

मोडणारच. माझा पहिल्या वर्षात तीनदा मोडला: लेकीच्या बारावीच्या परीक्षेत, गणपतीत आणि डेंग्यू झाला तेव्हा. परत सुरू करताना सोडलं होतं तिथून सुरू करू नका. आठवडाभराचा खंड असेल तर निम्म्यावरून, महिन्याचा असेल तर पुन्हा दहा मिनिटांपासून. तापानंतर अशक्तपणा जाईपर्यंत फक्त रमतगमत चाला. आणि अतिशय धावपळीच्या दिवसांसाठी एक छोटा तुकडा ठरवून ठेवा. माझा आहे: दहा वेळा खुर्चीवरून उठणं, दहा भिंतीवरचे जोर. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत होतो.

८. तीन महिन्यांनी परत मोजा

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी करण्यात अर्थ नाही. बारा आठवड्यांनी करा. कंबर महिन्यातून एकदा, त्याच जागी, सकाळी उपाशीपोटी. वजन रोज बघू नका. मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली तरी ते किलोभर हलतं.

माझं तीन महिन्यांनी एचबीए१सी ५.८ आलं. लोह सुधारल्याचाही त्यात वाटा असेल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून उपाशीपोटीची साखरही ताडून पाहिली: ११२ वरून ९९. कंबर ९१ वरून ८६. वजन मात्र अडीच किलोच उतरलं. नुसतं वजन बघत बसले असते तर त्याच आठवड्यात सगळं सोडून दिलं असतं. डॉक्टरांकडे जाताना ती वही घेऊन जा. माझ्या डॉक्टरांनी रिपोर्टआधी वहीच वाचली.

९. घरातल्या ज्येष्ठांना बरोबर घ्या

सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. मी खुर्चीवर उठबस करत असले की त्या सोफ्यावरून बघत असायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "मला का नाही गं शिकवत?" पासष्टीच्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पडून खुब्याचं हाड मोडण्याची भीती याच वयात असते. त्यांच्या डॉक्टरांना विचारून सुरू केलं. ओट्याला दोन्ही हात धरून एका पायावर उभं राहायचं, मग एकाच हातानं, मग दोन बोटांनी. मागे खुर्ची, पाय अनवाणी किंवा पायात घट्ट चप्पल, नुसते मोजे कधीच नाहीत, आणि पहिले काही आठवडे शेजारी कुणीतरी उभं. त्यांचा डावा पाय आता वीस सेकंद टिकतो, उजवा बाराच. म्हणून सध्या उजव्याची एक फेरी जास्त.